ग्वाटेमालाची ब्लॅकबेरी आणि रासबेरीमुळे आलेले बालंट

ऐंशीच्या दशकापर्यंत ग्वाटेमाला देश परदेशी चलनासाठी कॉफी, केळी, साखर आणि वेलदोडे यांवर विसंबून होता. देशात यादवी पेटलेली होती आणि कॉफीचा भाव शेतकऱ्याच्या हातात नव्हता. 1982 मध्ये तिथल्या निर्यातदारांनी ‘अपारंपरिक’ मालासाठी स्वतःची संघटना उभारली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कॅरिबियन खोऱ्यातील देशांच्या मालाला जकातमाफी देणारा कायदा केला आणि 1984 पासून तो लागू झाला. कोवळ्या शेंगांचा मटार, ब्रोकोली, फुले आणि बेरी यांना त्यामुळे वाट मिळाली. चिमाल्तेनांगो आणि साकातेपेकेझ या डोंगराळ भागांतली थंड हवा ब्लॅकबेरीला मानवली. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराचा, म्हणजे भाव टिकवण्यासाठी देशादेशांना निर्यातीचा वाटा ठरवून देणारा, कोटा मोडला, भाव कोसळले आणि या नव्या पिकांकडे लोक अधिकच आशेने पाहू लागले.

ताज्या ब्लॅकबेरीची निर्यात इतर फळांसारखी करता येत नाही. केळे हिरवे काढून जहाजाने नेता येते आणि मुक्कामी पोहोचल्यावर पिकवता येते. ब्लॅकबेरी तोडल्यावर गोड होत नाही, म्हणून ती झाडावरच पूर्ण पिकू द्यावी लागते आणि तोडल्या क्षणापासून ती उताराला लागते. शेतातून थेट शीतगृहात, शून्य अंशाच्या आसपास, हाच तिचा रस्ता. मधला प्रत्येक तास तिचे आयुष्य कमी करतो, आणि सगळे नीट जमले तरी हाती जेमतेम आठवडाभर असतो. काळ्या मण्यांमधले काही मणी प्रवासात लाल पडले की ग्राहकाला फळ कच्चे वाटते. म्हणून ग्वाटेमालाचा माल विमानाने मायामीला जाऊ लागला. अमेरिकेतला उन्हाळी हंगाम संपल्यावर दुकाने रिकामी असत, तेव्हा चिलीच्या मानाने हा देश फारच जवळ होता.

इथवर सगळे ठीक होते. मग 1996 चा वसंत आला.

मे आणि जूनमध्ये अमेरिकेत व कॅनडात मेजवान्यांना गेलेली माणसे आठवडेच्या आठवडे जुलाबाने हैराण झाली. नोंद झालेल्या रुग्णांची संख्या 1,465 होती. कारण निघाले सायक्लोस्पोरा, त्या वेळी फारसा कुणाला माहीत नसलेला एक सूक्ष्म परजीवी. सुरुवातीला संशय कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीवर गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांनी विनाकारण मोठे नुकसान सोसले. माग काढता काढता तपास ग्वाटेमालाच्या रासबेरीपर्यंत पोहोचला. 1997 च्या वसंतात तेच पुन्हा घडले, आणखी 1,012 रुग्ण. मेअखेरीस ग्वाटेमालाने स्वतःहून रासबेरीची अमेरिकेला होणारी निर्यात थांबवली.

इथे ब्लॅकबेरीचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. दोन्ही फळे एकाच कुळातली, एकाच डोंगरात पिकणारी, बहुधा एकाच निर्यातदाराच्या खोक्यांत जाणारी. मेजवान्यांत अनेक ठिकाणी बेरी एकत्र मिसळूनच वाढलेल्या होत्या, त्यामुळे तपासनिसांनाही ती लगेच वेगळी काढता येईना. पुढे पुरावा रासबेरीकडेच वळला. तिच्या अंगावरच्या बारीक लवेत परजीवी अडकून राहत असावा, असा तर्क त्या वेळी मांडला गेला. पण दुकानदाराला असला बारकावा कशाला हवा असतो? त्याच्या लेखी ‘ग्वाटेमालाची बेरी’ ही एकच वस्तू होती. माझ्या मते लहान उत्पादक देशाची खरी अडचण हीच आहे. त्याच्या मालाची ओळख शेतानिशी होत नाही, देशाच्या नावाने होते, आणि ते नाव एकदा डागाळले की ज्याची चूक नाही तोही त्यात भरडला जातो.

1998 च्या वसंतात अमेरिकेने ग्वाटेमालाची ताजी रासबेरी सीमेवरच रोखली, ब्लॅकबेरीवर मात्र अशी बंदी घातली नाही. कॅनडाने त्या वर्षी रासबेरी घेतली आणि ओंटारिओत पुन्हा साथ आली. एवढा थेट पुरावा साथीच्या इतिहासात क्वचितच मिळतो. त्यानंतर ग्वाटेमाला सरकार, उत्पादक आणि अमेरिकी अन्न व औषध प्रशासन यांनी मिळून एक कडक आराखडा तयार केला: गाळलेले पाणी, मजुरांसाठी शौचालये व हात धुण्याची सोय, शेतांची तपासणी, आणि माल थेट शेतापर्यंत शोधता यावा म्हणून डब्यांवर सांकेतिक क्रमांक. केवळ क्लोरीनने हा परजीवी मरत नाही, त्यामुळे पाणी गाळण्यावर भर होता. 1999 पासून या आराखड्यातल्या शेतांना अमेरिकेचे दार पुन्हा उघडले. 2000 मध्ये पुन्हा रुग्ण निघाले, तेव्हा माग एकाच शेताकडे गेला आणि ते शेत यादीतून काढले गेले. चार वर्षांपूर्वी अशाच प्रसंगात अख्खा देश आरोपी ठरला होता.

पण तोवर उशीर झाला होता. 1996 मध्ये रासबेरीचे उत्पादक सुमारे 85 होते, 2002 मध्ये तीन उरले. निर्यातदारांनी मोर्चा मेक्सिकोकडे वळवला. तिथे मिचोआकान राज्यातल्या लोस रेयेस परिसरात ब्लॅकबेरीचा मोठा पट्टा उभा राहिला. ब्राझीलच्या ‘तुपी’ वाणाची लागवड आणि पाने गाळून झाडाला हवा तेव्हा फुलोरा आणण्याचे तंत्र यांच्या जोरावर अमेरिकेच्या हिवाळ्याचा बाजार त्यांनी काबीज केला. मेक्सिकोचा माल ट्रकने सीमा ओलांडतो, ग्वाटेमालाचा विमानाचे भाडे भरून जातो.

ग्वाटेमालाच्या ब्लॅकबेरीसमोर आज उभे असलेले नियम याच इतिहासातून आलेले आहेत. अमेरिकेच्या 2011 च्या अन्नसुरक्षा कायद्याने परदेशी पुरवठादाराची पडताळणी आयातदाराच्या गळ्यात घातली. वर्षाला सरासरी 25,000 डॉलरपर्यंत (हा 2011 चा आधार-आकडा, महागाईनुसार वाढत जाणारा) शेतमाल विकणाऱ्या शेतांना त्या कायद्याखालच्या शेतमाल-नियमांतून सूट आहे. मोठी दुकाने मात्र आपल्या पुरवठादारांकडून खासगी प्रमाणपत्र मागतात. त्यासाठीची पाण्याची चाचणी, शौचालये, नोंदवह्या आणि तपासनिसाची फी हा खर्च अर्ध्या हेक्टरवाल्यालाही टळत नाही.