लॅमिनार फ्लो की बायोसेफ्टी कॅबिनेट? आधी वारा कुठे वाहतो ते बघा

स्टीलचा ओटा, समोर काच, आत दिवा आणि पंख्याची घरघर. लॅमिनार फ्लो आणि बायोसेफ्टी कॅबिनेट ही प्रयोगशाळेत गाळलेल्या हवेत काम करायची दोन उपकरणं लांबून अगदी सारखी दिसतात. दोन्हींत हेपा गाळणी असते, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारी. बोलताना दोन्हींना सर्रास ‘हूड’ म्हणतात. क्षयाच्या जंतूंचं कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेले जंतू, हाताळणाऱ्या टेक्निशियनच्या बाबतीत मात्र ही गल्लत त्याच्या फुप्फुसांवर बेतू शकते.

लॅमिनार फ्लोमधली गाळलेली हवा ओट्यावरून वाहत काम करणाऱ्याच्या दिशेने बाहेर येते. बाहेरची धूळ आणि बुरशी त्यामुळे आत शिरत नाही. जळगावकडे केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार करताना किंवा निर्जंतुक माध्यम (जंतू वाढवण्यासाठीचं खाद्य) प्लेटमध्ये ओतताना नेमकं हेच हवं असतं. पण त्याच ओट्यावर रोगजंतूंची नळी उघडली, तर उडालेले सूक्ष्म तुषार त्याच वाऱ्याने थेट नाकातोंडाशी येतात. उभ्या झोताचं लॅमिनार तर आणखी फसवं. त्यात हवा वरून खाली येते, कॅबिनेटसारखीच, पण शेवटी बाहेर पडते ती समोरूनच.

बायोसेफ्टी कॅबिनेटचे तीन वर्ग असतात. दुसऱ्या वर्गाच्या कॅबिनेटमध्ये समोरच्या फटीतून खोलीतली हवा आत ओढली जाते आणि पुढच्या जाळीतून खाली जाते. वरून गाळलेली हवा नमुन्यावर उतरते, आणि बाहेर सोडली जाणारी हवाही हेपातूनच जाते. म्हणजे माणूस, नमुना आणि परिसर, तिघांचंही रक्षण. नेहमीच्या ए२ प्रकारात आत येणाऱ्या हवेचा सरासरी वेग सेकंदाला निदान ०.५१ मीटर लागतो. पहिल्या वर्गाचं कॅबिनेट नमुना जपत नाही आणि तिसऱ्या वर्गाचं पूर्ण सीलबंद असतं, एवढं इथे पुरे.

प्रयोगशाळेच्या तपासणीला जाणाऱ्यांनी ‘कॅबिनेट आहे’ या रकान्यात खूण करून पुढे जाऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. फटीपाशी धूर सोडून पाहायला काही मिनिटं लागतात. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर आला तर काम तिथेच थांबवायचं. मग प्रमाणपत्राची तारीख बघायची. प्रमाणपत्रासाठीची चाचणी वर्षातून एकदा तर हवीच, शिवाय कॅबिनेट जागेवरून हलवलं की पुन्हा हवी. त्यानंतर खोलीकडे नजर टाकायची. वर छताचा पंखा गरगरतोय का? एसीचा झोत समोरून येतोय का? दारातली ये-जा काम करणाऱ्याच्या पाठीमागूनच होते का? सेकंदाला अर्धा मीटर वेगाचा तो हवेचा पडदा एवढ्यानेही फाटतो. पुढच्या जाळीवर नोंदवही ठेवली तरी तेच होतं, आणि आत पेटवलेल्या बर्नरनेही हवेचा प्रवाह बिघडतो. जंतू मारणाऱ्या यूव्ही (अतिनील) दिव्यावर भिस्त ठेवणं तर सोडूनच द्यावं. धूळ बसलेल्या किंवा जुन्या दिव्याचा मारा कमी होतो, आणि जिथे सावली पडते तिथले जंतू तसेच राहतात.

प्रत्येक कामाला कॅबिनेट लागतंच असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या क्षय-प्रयोगशाळा मार्गदर्शिकेनुसार थुंकीच्या नमुन्याची काच-पट्टी हवेशीर खोलीत उघड्या टेबलावर करता येते. कल्चरसाठी नमुन्यावर प्रक्रिया करायची असेल तर कॅबिनेट हवंच. वाढलेलं कल्चर हाताळायला त्याहूनही कडक व्यवस्था लागते, कारण तिथे जंतूंची संख्या प्रचंड असते.

कल्चरच्या खोलीत लॅमिनार सापडलं तर ते भंगारात काढायची गरज नाही. माध्यम तयार करण्याच्या खोलीत हलवावं आणि काचेवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहावं: ‘इथे रुग्णांचे नमुने उघडू नयेत’.