अमेरिकी कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात जायचंय? ऑगस्टपासून उलटं मोजत या

नेब्रास्का विद्यापीठाच्या मुली दर ऑगस्टमध्ये आपसातच लाल विरुद्ध पांढरा असा सराव सामना खेळतात आणि लोक तो तिकीट काढून बघतात. याच विद्यापीठाने ३० ऑगस्ट २०२३ रोजी लिंकनच्या फुटबॉल स्टेडियममध्ये महिला व्हॉलीबॉलचा सामना भरवला, तेव्हा ९२,००३ प्रेक्षक होते. सराव सामन्याचा निकाल कुठेच धरत नाहीत. तरी पहिल्या सहात कोण उभं राहणार, हे प्रशिक्षक तिथेच जोखायला लागतात. महाराष्ट्रातून जाणारी मुलगी त्या दिवशी मैदानावर असायला हवी असेल, तर कागदांची सुरुवात दहावीच्या सुट्टीत करावी लागते.

पैसा कुठे मिळतो हे आधी बघू. एनसीएए ही अमेरिकी कॉलेजांच्या खेळांची मोठी संघटना, तिचे तीन विभाग आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या विभागातली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतात. तिसऱ्या विभागात खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण गुणांवर किंवा आर्थिक गरजेवर मदत मिळू शकते. एनएआयए ही वेगळी संघटना आहे आणि तिची पात्रता नोंदणीही वेगळी. पहिल्या विभागात पूर्वी एका संघाला १२ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. जून २०२५मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या कॉलेजांवरची ही मर्यादा उठली, मात्र संघात जास्तीत जास्त १८ खेळाडू ठेवायचं बंधन आलं. त्या अठरांत दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन येणाऱ्या अनुभवी मुलीही असतात. म्हणून एकाच नामांकित विद्यापीठावर डोळा ठेवून बसू नका.

पहिल्या विभागाच्या प्रशिक्षकांना दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूशी निवडीबद्दल बोलायला बंदी आहे. त्याआधी पाठवलेल्या ईमेलला उत्तर आलं नाही तर मुलीने हिरमुसायचं कारण नाही, ते नियम पाळताहेत. ईमेलमध्ये उंची, स्पाइक आणि ब्लॉकला हात कुठवर पोहोचतो ते सेंटिमीटरमध्ये, बारावीचं वर्ष, आणि व्हिडिओ. निवडक फटक्यांच्या दोन मिनिटांसोबत एक अख्खा सेट काटछाट न करता द्या. चूक झाल्यावर मुलगी पुढच्या चेंडूला कशी उभी राहते, हेही त्यांना बघायचं असतं. आणि हो, आपली ‘लिफ्टर’ तिकडे ‘सेटर’ असते, ‘शूटर’ची ‘हिटर’ होते.

तोंडी शब्दावर तिकीट काढू नका. पूर्वी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’वर सही व्हायची, ते पत्र ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झालं. आता कॉलेजचा लेखी आर्थिक मदतीचा करार हाच खरा कागद. शिष्यवृत्तीची हमी देऊन लाखभर रुपये मागणारा एजंट भेटला, तर त्याला हा करार कोण देणार एवढंच विचारा.

आता पात्रता. एनसीएएच्या पात्रता केंद्रात ऑनलाइन खातं उघडायचं. परदेशी विद्यार्थ्यांना शुल्क अमेरिकी मुलांपेक्षा जास्त पडतं. पहिल्या विभागासाठी नववी ते बारावीत मिळून १६ मुख्य विषय-वर्षं लागतात (एक विषय एक वर्ष शिकला की एक): इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं २, इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचा आणखी १, उरलेले ४ मान्य यादीतले. त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत आणि त्या दहांत ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. या विषयांचा जीपीए, म्हणजे ४ पैकी मोजलेली गुणांची सरासरी, किमान २.३, दुसऱ्या विभागाला २.२. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट २०२३मध्ये काढून टाकली, तरी प्रवेशासाठी एखादं कॉलेज ती मागू शकतं. विज्ञान शाखेच्या मुलीला हे सहसा जड जात नाही. अकरावीला कला शाखा घेऊन गणित सोडलं असेल, तर आधी बेरीज करून बघा.

घोडं अडतं ते नववीच्या प्रगतिपुस्तकापाशी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका घरात जपून ठेवलेल्या असतात, नववी आणि अकरावीचं कुणाला आठवत नाही. शाळेकडून सही-शिक्क्याची प्रत काढून घ्या. ती मराठीत असेल तर मूळ प्रत आणि ओळीला ओळ जुळणारं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, दोन्ही लागतात. नाव, आडनाव, वडिलांचं नाव पासपोर्टवर ज्या क्रमाने आहे तोच क्रम सगळीकडे असावा. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी येतं, तेवढ्यानेही शंका निघते.

नुसती नोंदणी करून निकाल येत नाही. एखाद्या कॉलेजने मुलीचं नाव आपल्या मागणी यादीत घातल्यावरच केंद्र अंतिम निर्णय देतं. त्याच खात्यात हौशीपणाचा भाग असतो: कुठल्या संघातून खेळली, मानधन किंवा बक्षीस मिळालं का. गावच्या चषकात हाती आलेलं पाकीट, खेलो इंडियाची मदत, प्रवासभाडं, सगळं खरं लिहा, पावत्या जोडा. ऑगस्टमध्ये प्रवेश असेल तर त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून अंतिम प्रमाणपत्राची विनंती करता येते. ती एक कळ दाबायची राहून जाते.

मग कॉलेजकडून मिळणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र आय-ट्वेंटी, परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचं ३५० डॉलर सेव्हिस शुल्क, व्हिसाचा ऑनलाइन अर्ज डीएस-१६० आणि एफ-वन या विद्यार्थी व्हिसाची मुंबईतली मुलाखत. आय-ट्वेंटीवरच्या सुरुवातीच्या तारखेआधी ३० दिवसांहून लवकर अमेरिकेत उतरता येत नाही. वर्ग ऑगस्टअखेर भरतात, पण बरेच संघ नव्या मुलींना जूनमधल्या उन्हाळी सत्रालाच बोलावतात. तेव्हा ‘मी कोणत्या तारखेला हजर व्हायचं?’ हे प्रशिक्षकाला विचारून मगच आय-ट्वेंटी बनवून घ्या. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, मुलाखतीची तारीख शोधायला तोवर थांबलात तर उन्हाळी सत्र हुकलंच समजा. प्रायोजकांकडून पैसे घेणं अमेरिकी खेळाडूंना २०२१पासून मोकळं झालं. एफ-वनवर ते काम धरलं जाऊ शकतं, म्हणून कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय सही नको.

वैद्यकीय कागदांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा अहवाल लागतो. विदर्भात किंवा नंदुरबारकडे शाळेतच तपासणी झालेली असू शकते. तो अहवाल शोधा, इंग्रजीत करून घ्या. वाहक असल्याने निवड रद्द होत नाही, सराव मात्र बेताने करवून घेतात.

सराव सामन्यात नियमही थोडे वेगळे भेटतील. एका सेटमध्ये १५ वेळा खेळाडू बदलता येतात, आपल्याकडे ६ वेळा. २०२४पासून दुसऱ्या स्पर्शात चेंडू हाताला दोनदा लागला तरी तो आपल्याच बाजूला राहिला तर शिट्टी वाजत नाही. आणि लिबेरोला, म्हणजे फक्त बचावासाठी खेळणाऱ्या मुलीला, तिथे सर्व्हिसच्या क्रमातल्या एका जागेवर सर्व्हिस करता येते. आपल्याकडची लिबेरो सामन्यात कधी सर्व्हिसला गेलेलीच नसते. तिने व्हिसाची वाट बघताना रोज पन्नास सर्व्हिस मारून घ्याव्यात.