चप्पल निसटली, पण पायाला कळलंच नाही

मधुमेह जुना झालेल्या माणसाला विचारावा असा एक प्रश्न आहे: चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि दोन पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं, असं होतं का? उत्तर 'हो' असेल, तर पाय दुखत नसला तरी तो तपासायला हवा. खरं तर दुखत नसेल तर जास्तच.

तळव्यापासून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू एकसारखे नसतात. स्पर्श, कंप आणि सांधा किती वाकलाय हे सांगणारे तंतू जाड, त्यांच्यावर मायलिनचं जाड वेष्टण. त्यांच्यातून संदेश सेकंदाला साधारण 35 ते 75 मीटर वेगाने जातो. ठेच लागल्यावरची पहिली कळ बारीक तंतूंतून, सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाने येते. मागाहूनचा ठणका मात्र वेष्टण नसलेल्या तंतूंतून, सेकंदाला जेमतेम 0.5 ते 2 मीटर. म्हणून 'आई गं' आधी निघतं आणि ठणका एखाद्या सेकंदाने पोचतो. या तंतूंच्या टोकांवर प्रथिनांच्या झडपा असतात. टीआरपीव्ही-1 ही झडप 43 अंश सेल्सिअसच्या आसपास उघडते, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडते. पिझो-2 दाबाने उघडते. या शोधांसाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना 2021चं नोबेल मिळालं.

वाढलेली साखर या तंतूंना वर्षानुवर्षं इजा करत राहते. सगळ्यात लांब तंतू आधी जातात, म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून होते आणि बधिरपणा मोज्यासारखा वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास आला की हाताच्या बोटांतही मुंग्या येऊ लागतात. गोंधळ होतो तो इथे: इजा झालेले बारीक तंतू काही न लागताही संदेश सोडतात. रात्री तळवे जळतात, आणि त्याच तळव्यात घुसलेला काटा समजत नाही. 'आग होते म्हणजे जाणीव शाबूत आहे' हा समज म्हणूनच घातक.

माण, खटाव, आटपाडी, जतकडे बाभळीचा काटा चपलेचा तळ भेदून आत येतो, नि वाळवा-कऱ्हाडकडे तोडलेल्या उसाची खोडं लागतात. पण बऱ्याच जखमा काट्याविनाच होतात. तंतू गेले की घाम कमी येतो, कातडी कोरडी पडून भेगा पडतात. पायातले छोटे स्नायू दुबळे होऊन बोटं आखडतात, भार चवड्यावर येतो, तिथे घट्टा जमतो आणि घट्ट्याखाली जखम चिघळते. तो घट्टा ब्लेडने घरी कापू नये.

तपासणी घरीही होते. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या अशा सहा ठिकाणी बोटाच्या टोकाने हलकेच एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबायचं नाही, घासायचं नाही, दुसरी संधी द्यायची नाही. 'उजवा' की 'डावा' एवढंच त्याने सांगायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर जाणीव कमी झाली आहे. दवाखान्यात यासाठी 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू आणि सेकंदाला 128 कंपनं देणारा धातूचा नादकाटा वापरतात. ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी. तळवे मात्र रोज पाहायचे, वाकता येत नसेल तर आरसा धरून.

पाय शेकायला गरम वीट किंवा मिठाचं कढत पाणी नको. पाण्याचा अंदाज कोपराने घ्यायचा, पायाने नाही. सज्जनगडाला किंवा औदुंबरला उन्हाळ्यात भर दुपारी जाणार असाल, तर तापलेल्या फरशीसाठी जाड सुती मोजे पिशवीत असू द्या.

तोल सांभाळायला मेंदू डोळे, आतला कान आणि पाय, तिघांनाही विचारतो. पाय गप्प झाले की डोळ्यांवर भार येतो. म्हणूनच मोरीत तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो, किंवा रात्री दिवे गेल्यावर पडायला होतं. गादीवर चालल्यासारखं वाटतं, ही तक्रारही याच घरातली. रात्री पायाशी एक छोटा दिवा चालू ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

सगळा दोष साखरेचाच असेल असं नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षं घेणाऱ्यांत आणि दूधदुभतंही बेताचं असलेल्या माळकऱ्यांत ब-12 जीवनसत्त्व कमी पडू शकतं. लक्षणं बरीचशी सारखीच. रक्त तपासून वेळीच सापडलं, तर उपचाराने सुधारणा होते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आणि तेवढाच भाग बधिर असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी.

बधिर पाऊल अचानक सुजलं, लाल झालं, दुसऱ्यापेक्षा गरम लागलं, तर मुरगळला म्हणून चोळत बसू नका. आतली हाडं मोडत असू शकतात, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्यावरच चालत राहतो. त्या पायावर भार देणं तिथल्या तिथे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.