इंजिन ऑइलची पातळी (स्पोर्ट्स कार)

इंजिनातील वंगणतेल पुरेसे आहे की नाही, हे डिपस्टिकवरील किमान व कमाल खुणांवरून ठरवण्याची क्रिया. सामान्य मोटारीत तेल क्रँकशाफ्टखालच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याखालच्या) संपात, म्हणजे तळाच्या पात्रात, साठते; कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्याला ‘चेंबर’ म्हणतात. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर तेल निथळू देऊन पातळी पाहण्याची रीत सर्वपरिचित आहे.

स्पोर्ट्स कारमध्ये ही रीत अनेकदा फसवते. वेगात लांब वळण घेताना संपातील तेल एका कडेला सरकते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि बेअरिंगना तेलाऐवजी हवा मिळते. म्हणून ड्राय संप रचनेत एक पंप खाली आलेले तेल सतत उपसून स्वतंत्र टाकीत टाकतो आणि दुसरा ते टाकीतून इंजिनाला पुरवतो. या रचनेचा उगम विमानाच्या इंजिनात मानावा की मोटारसायकलीच्या, हे ठामपणे सांगणे कठीण आहे; स्वतंत्र टाकी दोन्हीकडे लवकर दिसत असल्याने एकाच उगमाचा आग्रह न धरणे बरे. रस्त्यावरच्या मोटारींपैकी मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल (१९५४) हे तिचे ठळक उदाहरण होय.

बंद गाडीत टाकीतले तेल हळूहळू इंजिनात झिरपते आणि टाकीतली डिपस्टिक कोरडी निघते. जुन्या बुलेटच्या मालकांना हा अनुभव नवा नाही, कारण तिचे इंजिनही याच पद्धतीचे आहे. तेल कमी झाले असे समजून वर ओतलेले तेल पुढे ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ-हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडते आणि एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो. यामुळे पोर्शच्या एअर-कूल्ड नाइन-इलेव्हनमध्ये (१९६४–१९९८) पातळी तेल पूर्ण तापल्यावर, सपाट जागी, इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता मंद गतीने) चालू ठेवूनच पाहतात; गगनबावड्याहून घाट उतरून आलेली गाडी उतारावर उभी असेल, तर ते माप धरू नये. तापमानाची अट निव्वळ औपचारिक नाही: दहा लिटर तेल २० अंश सेल्सिअसवरून ९० अंशांवर गेले की सुमारे अर्धा लिटर फुगते. मात्र ड्राय संपच्या सर्वच गाड्यांना हा नियम लागू नाही. शेव्हरोले कॉर्व्हेट झेड०६ (२००६) मध्ये इंजिन तापवून, बंद करून, काही मिनिटांनी पाहतात; त्यामुळे त्या मॉडेलचे मॅन्युअलच प्रमाण मानावे.

डिपस्टिक धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून पूर्ण आत घालावी, बाहेर काढून दोन्ही बाजू पाहाव्यात आणि कमी दिसणारी बाजू ग्राह्य धरावी. भर घालायची तर एका वेळी पाव लिटरच घालावी. अलीकडच्या काही गाड्यांत डिपस्टिक नसून सेन्सरचे माप पडद्यावर दिसते.