आयस्टुरॉय आणि सांडॉयचे समुद्राखालचे बोगदे (फॅरो बेटं)

फॅरो बेटं म्हणजे उत्तर अटलांटिकमधला १८ बेटांचा समूह, डेन्मार्कच्या राज्यात असला तरी घरचा कारभार स्वतःच बघणारा. वस्ती जेमतेम ५४-५५ हजार, आणि एवढ्याशा लोकांनी २००२ ते २०२३ मध्ये समुद्राखालून चार रस्ते काढले. त्यातले शेवटचे दोन म्हणजे आयस्टुरॉय (डिसेंबर २०२०) आणि सांडॉय (डिसेंबर २०२३).

आयस्टुरॉयचा बोगदा सव्वा अकरा किलोमीटरच्या आसपास, सगळ्यात खोल जागी समुद्रसपाटीच्या १८७ मीटर खाली जातो. आत चक्क राउंडअबाउट आहे, समुद्राखालचा जगातला पहिला. त्याच्या मधोमध बेसॉल्टचा (हो, आपल्या सह्याद्रीत असतो तोच दगड) जाडजूड खांब तसाच सोडलाय आणि भोवती हात धरून फेर धरलेल्या माणसांच्या स्टीलच्या आकृत्या आहेत, त्या ट्रॉन्डुर पॅट्युरसन या तिथल्याच कलाकाराच्या.

आता पैशाचं बघू. राजधानी टोर्सहाव्हन ते आयस्टुरॉय बेटावरचं रुनाविक, आधी डोंगर आणि खाड्यांना वळसा घालून ६४ मिनिटं लागायची, आता १६, त्यामुळे घर एका बेटावर आणि नोकरी दुसऱ्या बेटावर हे रोजचं शक्य झालं. देशाची निर्यात जवळपास सगळी माशांचीच, सॅमनचं मोठं प्रोसेसिंग आयस्टुरॉयवर, मासेमारीचं मोठं बंदर क्लाक्सविकला, विमानतळ वागार बेटावर, आणि ताज्या माशाला वेळ म्हणजेच पैसा, म्हणून हे सगळं एका रस्त्यावर येणं फार मोठी गोष्ट आहे.

सांडॉय बेटाची गोष्ट वेगळी. तिथे माणसं हजार-बाराशेच, नुसत्या त्यांच्या टोलवर बोगद्याचा खर्च कधीच निघाला नसता. म्हणून दोन्ही बोगदे एकाच कंपनीकडे दिले, म्हणजे आयस्टुरॉयच्या गर्दीच्या टोलमधून सांडॉयचाही भार उचलला जातो. मला यातली ही सगळ्यात महत्त्वाची बाब वाटते, कारण फक्त नफ्याचा हिशोब केला असता तर सांडॉयची माणसं आजही वादळात फेरीबोट रद्द झाली की अडकून बसली असती. अर्थात रोज ये-जा करणाऱ्याला टोल जाणवतोच, पास काढला तरी, आणि राजधानी हाकेच्या अंतरावर आली की गावातल्या छोट्या दुकानाचं गिऱ्हाईकही तिकडे वळू शकतं.

दक्षिणेच्या सुदुरॉय बेटाला मात्र अजून दोन तास फेरीबोटीनंच जावं लागतं. तिथेही बोगदा करायचं चाललंय, पण तो या दोन्हींपेक्षा बराच लांब होणार, त्यामुळे पैसे कुठून आणायचे हाच मुख्य प्रश्न आहे.