बरणीतला हत्ती

'बेडकाची नवी प्रजाती सापडली' अशी बातमी वाचली की मला आनंद होतो आणि लगेच शाळेतली उतरंड आठवते: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. बातमीतला बेडूक बहुधा नवी जाती असतो. वाघ ही जाती. वाघ, सिंह, बिबट्या ज्या पँथेरात मोडतात ती प्रजाती. हा फरक पाळायला हवा, कारण शास्त्रीय नाव या दोन्ही मिळूनच होतं.

पण त्याहून मोठा गैरसमज असा, की नाव म्हणजे त्या जीवाचं वर्णन. शास्त्रीय नावांची ही पद्धत रूढ करणाऱ्या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने 1758 मध्ये एका स्वर्गीय पक्ष्याला (बर्ड ऑफ पॅराडाइज) 'अपोडा', म्हणजे बिनपायाचा, असं नाव दिलं. युरोपात या पक्ष्यांची कातडी पाय कापूनच पोचायची. त्यावरून लोकांनी ठरवून टाकलं, की हे पक्षी स्वर्गात राहतात आणि मरेपर्यंत जमिनीला टेकत नाहीत! पक्ष्याला चांगले दणकट पाय आहेत. तरी नाव तेच राहिलं, कारण अर्थ चुकला म्हणून नाव बाद होत नाही.

मग नाव कशाला बांधलेलं असतं? संग्रहालयात जपलेल्या एका ठरावीक नमुन्याला. नव्या जातीचं नाव जाहीर करताना असा नमुना नेमून द्यावा लागतो, तो होलोटाइप. उद्या कळलं की एका नावाखाली दोन जाती दडल्या होत्या, तर ज्या जातीत हा नमुना बसतो, तिच्याकडे जुनं नाव जातं. वादच मिटला. मला ही युक्ती विलक्षण सुंदर वाटते.

मात्र लिनिअसच्या काळी ही पद्धत नव्हती. त्याने हत्तीला 'एलेफास मॅक्सिमस' म्हटलं ते अनेक आधारांवरून. त्यांत होता अल्कोहोलच्या बरणीतला हत्तीचा गर्भ, जो आज स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे, आणि इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे यांनी लिहून ठेवलेलं एका सांगाड्याचं वर्णन. असे सगळे नमुने मिळून सिनटाइप ठरतात, आणि पुढे कुणी त्यांतला एक निवडला की तो लेक्टोटाइप होतो. एलेफास मॅक्सिमस हे नाव आपण आशियाई हत्तीसाठी वापरतो. पण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या गर्भाचे डीएनए आणि प्रथिनं तपासली, तर तो निघाला आफ्रिकी!

आता पेच बघा. तो गर्भच नावाचा एकमेव आधार असता, तर नियमाप्रमाणे एलेफास मॅक्सिमस हे नाव आफ्रिकी हत्तीकडे गेलं असतं. त्याचं 'आफ्रिकाना' हे नाव 1797 चं, म्हणजे नंतरचं, म्हणून ते मागे पडलं असतं आणि आशियाई हत्तीला आपलं नाव गमवावं लागलं असतं. हे टाळायला नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अपवाद मागावा लागला असता. संशोधकांनी त्याऐवजी रे यांच्या सांगाड्याचा माग काढला. तो फ्लोरेन्सच्या संग्रहालयात सापडला, आशियाई हत्तीचाच निघाला आणि लेक्टोटाइप म्हणून नेमला गेला. लिनिअसने नाव दिल्यावर अडीच शतकांनी आशियाई हत्तीचं नाव आशियाई हत्तीच्याच हाडांवर टेकलं.