नदीच्या पाण्याचं सँपल आणताय? आधी एवढं वाचा

पेपर मिलच्या खालच्या अंगाला नदी चहासारखी लाल झाली, फेस आला, मासे तरंगले की आमच्या लॅबचा फोन सुरू होतो. "पाणी तपासा, उद्या रिपोर्ट पाहिजे." आणि सोबत येते कोल्ड्रिंकची बाटली, अर्धी भरलेली, कालपासून डिकीत पडलेली.

त्या बाटलीवर बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन संपवतात ती टेस्ट, लावून उपयोग नाही. मिलच्या पाण्यातले स्टार्च, बारीक तंतू जंतू खातात आणि खाताना ऑक्सिजन संपवतात, नदीत मासे मरतात ते त्यामुळेच, आणि तुमच्या बाटलीतही रात्रभर तेच चालू असतं. सकाळपर्यंत बरीच घाण खाऊन झालेली, म्हणजे आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येतो आणि फायदा होतो पाणी सोडणाऱ्याचा. तुमची फेरी वाया, आमचे दिवस वाया.

म्हणून बाटली आमच्याकडूनच न्या, फुकट देतो. काठाचं साचलेलं नको, धारेतलं पाणी घ्या, काठोकाठ भरा, बर्फात ठेवा, त्याच दिवशी आणा. आणि एक नाही, दोन सँपल, मिलचा नाला मिळतो त्याच्या वरचं एक आणि खालचं एक. नुसत्या खालच्या बाटलीवरून "कुणाचं पाणी" ते कुणीच सांगू शकत नाही, वर साखर कारखाना असला तर मळीचाही रंग तसाच दिसतो.

रिपोर्टला उशीर का, हे सगळेच विचारतात. बीओडीची बाटली 27 अंशांवर 3 दिवस ठेवावीच लागते, ते घाईत होत नाही. गुरुवारी आणलंत तर आम्हाला रविवारी लॅब उघडावी लागते, तीही उघडतो.

आकडे बघताना, आंघोळीलायक नदीत बीओडी लिटरला 3 मिलीग्रॅमच्या आत पाहिजे, नदीत सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा 30, सीओडीला, म्हणजे घाण जंतूंऐवजी रसायनानं जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्या आकड्याला, 250. बीओडी कमी आणि सीओडी भरपूर आला तर लॅब चुकली म्हणू नका, लाल रंग देणारं लाकडातलं लिग्निन जंतूंना लवकर पचत नाही, ते सीओडीतच सापडतं.

तक्रार अर्जाला आमचा रिपोर्ट जोडा, पण कोर्टासाठी 1974 च्या पाणी कायद्याप्रमाणे प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यानंच सँपल घ्यावं लागतं, हे आम्ही पैसे घ्यायच्या आधीच सांगतो.

विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असेल तर मात्र बाटली आणूच नका, ऑक्सिजन आहे तसा धरून ठेवायला त्यात नदीवरच औषध घालावं लागतं. आदल्या दिवशी फोन करा, आमचा माणूस पहाटे येतो कारण तेव्हाच ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. टेस्टच्या फीवर फक्त गाडीभाडं घेतो.